चॅनल सुरू करण्याआधी चार प्रश्न

मागच्या महिन्यात असरच्या नमाजनंतर वडाळा नाक्यावर चहा घेत बसलो होतो. ओळखीतला एक मुलगा शेजारी येऊन बसला. वय एकवीस. दिवसभर मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात काम करतो आणि रात्री रील्स बनवतो. घरातले किस्से, अम्मीची नक्कल, आपली नाशिक-मालेगावकडची बोली. इन्स्टाग्रामवर त्याचे अडतीस हजार फॉलोअर्स आहेत. त्याने फोन माझ्यापुढे धरला. कुणीतरी मेसेज केला होता : एक स्टोरी, एक लिंक, चोवीस तास, बारा हजार रुपये.

“चाचा, घेऊ का?”

लिंक उघडली. क्रिकेटच्या सामन्यावर पैसे लावायचं अ‍ॅप होतं. मी लगेच “नको” म्हणालो. त्यावर तो शांतपणे म्हणाला, “दुकानात महिन्याला नऊ हजार मिळतात. हे नको, तर मग कशातून कमवायचं तेही सांगा ना.”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. रोजगारावर आपण पुष्कळ बोलतो, लिहितो; पण आपली मुलं-मुली ज्या कामात रोज चार-पाच तास घालवतात, त्या कामाचे नियम आपल्यापैकी कुणी वाचलेले नाहीत. मीही वाचले नव्हते. त्यानंतरचे दोन आठवडे मी तेच केलं. या संपादकीयात त्याचा सारांश आहे. तो त्या मुलासाठी आहे आणि त्याच्यासारख्या प्रत्येकासाठी आहे.

या कामाला कमी लेखायचं कारण नाही, हे आधी सांगतो. आपल्या जिल्ह्याला तर नाहीच नाही. भारतीय चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके १८७० साली त्र्यंबकेश्वरला जन्मले. मालेगावात शेख नासिर यांनी २००० साली गावातल्याच कलाकारांना घेऊन ‘मालेगाव के शोले’ काढला. खर्च पन्नास हजारांच्या आसपास. यंत्रमागावर काम करणारे, दुकान चालवणारे लोक त्यात नट झाले. त्यांच्या धडपडीवर फैजा अहमद खान यांनी ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट केला, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये रीमा कागती यांचा ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ थिएटरात लागला. पुढे त्याच मातीतले छोटू दादा यूट्यूबवर आले आणि त्यांचे व्हिडिओ कोट्यवधी वेळा पाहिले गेले. कॅमेरा, विनोद आणि गोष्ट सांगण्याची हौस आपल्याकडे कमी नाही. कमी आहे ती व्यवहाराची समज.

म्हणून चॅनल सुरू करण्याआधी स्वतःला चार प्रश्न विचारा.

पहिला प्रश्न : चॅनल कुणाच्या नावावर आहे?

यूट्यूबच्या जाहिरातींचा वाटा मिळवायचा तर १,००० सबस्क्रायबर लागतात. शिवाय गेल्या १२ महिन्यांत ४,००० तास पाहिलं गेलेलं असावं लागतं, किंवा गेल्या ९० दिवसांत शॉर्ट्सना १ कोटी व्ह्यूज. मोठ्या व्हिडिओवरच्या जाहिरातीतून निर्मात्याला ५५ टक्के मिळतात. शॉर्ट्ससाठी निर्मात्यांच्या वाट्याला आलेल्या रकमेतले ४५ टक्के. पैसे अ‍ॅडसेन्स खात्यातून येतात, आणि १०० डॉलर जमल्याशिवाय ते बँकेत येत नाहीत. १० डॉलर झाले की पत्ता पडताळण्यासाठी टपालाने पिन येतो. जुन्या नाशकातल्या गल्ल्यांत राहणाऱ्यांनी पत्ता नीट लिहावा, पोस्टमनला सांगून ठेवावं. वय अठराच्या आत असेल तर खातं आई-वडिलांपैकी कुणाच्या तरी नावाने काढावं लागतं.

हे आकडे बहुतेकांना पाठ असतात. पण ज्याच्या नावाने अ‍ॅडसेन्स खातं, त्याचीच कमाई, हा त्यामागचा साधा नियम मात्र लक्षात राहत नाही. व्हिडिओत चेहरा कुणाचा, आवाज कुणाचा, रात्रभर जागून एडिटिंग कुणी केलं, याच्याशी कंपनीला देणंघेणं नाही.

माझ्या माहितीतल्या एका मुलीने मेहंदीचं चॅनल चार वर्षं चालवलं. ईमेल भावाचा, पॅन भावाचं, बँक खातं भावाचं. भाऊ चांगला आहे, पैसे घरातच येत होते. पुढे तो नोकरीसाठी आखातात गेला. ताईला स्वतःचं छोटं दुकान काढायचं होतं. बँकेने विचारलं, तुमचं उत्पन्न किती? चार वर्षांच्या मेहनतीची तिच्या नावावर एका रुपयाचीही नोंद नव्हती. कुणी फसवलं नव्हतं, कुणाशी भांडण नव्हतं. पहिल्या दिवशी ‘भावाच्याच नावाने काढ, तुला काय कळतंय त्यातलं’ असं घरातलं कुणीतरी म्हणालं होतं, एवढंच.

बहिणींनो, पॅन कार्ड आणि बँक खातं स्वतःचं काढा आणि चॅनल त्यालाच जोडा. कुणाची मदत घ्यायची असेल तर पासवर्ड देऊ नका. यूट्यूब स्टुडिओच्या सेटिंगमध्ये ‘परमिशन्स’ आहे. तिथून भावाला किंवा मित्राला मॅनेजर, एडिटर असे अधिकार देता येतात आणि हवे तेव्हा काढून घेता येतात. भावांनो, तुम्ही हे स्वतःहून करून द्या.

हीच गोष्ट मित्रांच्या टोळीची. चौघं मिळून विनोदी चॅनल काढतात, एकाच्या मोबाइलवरून खातं उघडलं जातं, पहिले सहा महिने पैसे नसतात म्हणून कुणी बोलत नाही. पैसे आले की बोलणं सुरू होतं आणि मैत्री संपते. कागद आधी करा. कुणाचा वाटा किती, कुणी सोडून गेला तर जुन्या व्हिडिओंच्या कमाईचं काय, हे दोन पानांवर लिहून सगळ्यांनी सह्या करा. फाळक्यांनी १९१८ मध्ये भांडवलदार भागीदारांसोबत इथे नाशकात हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी उभी केली. काही वर्षांतच भागीदारांशी बिनसलं आणि ते सगळं सोडून काशीला गेले. पुढे ते परत आले, पण तेव्हा कंपनीची सूत्रं त्यांच्या हातात नव्हती. एवढ्या मोठ्या माणसाची ही गत झाली, तर आपण सावध राहायला हवं.

दुसरा प्रश्न : माल कुणाचा आहे?

‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ पाहिला असेल तर तो प्रसंग आठवेल. नासिर आपल्या व्हिडिओ पार्लरमध्ये वेगवेगळ्या सिनेमांचे तुकडे जोडून दाखवतो, गर्दी होते, आणि पायरसीच्या कारणाने पोलीस येतात. त्यानंतर तो ठरवतो की आता आपला स्वतःचा सिनेमा काढायचा. आज रील्स बनवणारा प्रत्येक जण त्याच वळणावर उभा आहे.

“तीस सेकंदांपेक्षा कमी गाणं घेतलं तर चालतं” हे मी किमान दहा जणांकडून ऐकलं. असा कुठलाही नियम नाही. पाच सेकंदांच्या तुकड्यावरही दावा लागू शकतो. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात समीक्षा, टीका, चालू घडामोडींचं वार्तांकन अशा कामांसाठी रास्त वापराची सूट आहे. नुसतं मागे गाणं लावणं त्यात बसत नाही. मी स्वतः हा धडा घेतला आहे. एका कार्यक्रमाच्या व्हिडिओमागे मी जुनं चित्रपटगीत लावलं. भावना चांगली होती, पण दुसऱ्याच दिवशी दावा आला आणि त्या व्हिडिओची सगळी कमाई गाण्याच्या मालकाकडे वळली. चूक माझीच होती. यूट्यूबच्या ऑडिओ लायब्ररीत फुकट वापरता येणारं संगीत आहे, हे मला नंतर कळलं.

दावा आणि स्ट्राइक यांतला फरक समजून घ्या. दाव्यात बहुधा त्या व्हिडिओचे पैसे जातात. स्ट्राइकमध्ये चॅनल धोक्यात येतं. ९० दिवसांत तीन कॉपीराइट स्ट्राइक झाल्या तर चॅनल बंद होऊ शकतं आणि त्यासोबत वर्षांची मेहनत जाते.

दुसऱ्यांच्या क्लिप एकापुढे एक जोडून टाकणं, हजारो व्हिडिओ एकाच साच्यातून काढणं, मशीनच्या आवाजात कुठलाही मजकूर वाचून घेणं यालाही आता थारा नाही. १५ जुलै २०२५ पासून यूट्यूबने एकसुरी, घाऊक मजकुराबद्दलचा आपला नियम ‘अस्सल नसलेला मजकूर’ या नव्या नावाने अधिक स्पष्ट केला आहे. अशा चॅनलला जाहिरातींचा वाटा नाकारता येतो. फेसबुकनेही त्याच महिन्यात दुसऱ्यांचे व्हिडिओ उचलणाऱ्या पेजेसवर कारवाई वाढवली. एआयने खरा वाटेल असा प्रसंग किंवा माणूस बनवला असेल तर अपलोड करतानाच ते जाहीर करायचं असतं. पैसे देऊन सबस्क्रायबर विकत घेणं, ‘तू माझं कर, मी तुझं करतो’ असे गट चालवणं हेसुद्धा नियमाबाहेर आहे.

तुमचा माल कुणी मागितला, तर? एखादी कंपनी म्हणते, तुमचा व्हिडिओ आम्हाला द्या, पाच हजार घ्या. सही करण्याआधी दोन गोष्टी विचारा : किती वर्षांसाठी आणि कुठे-कुठे? आपल्या कायद्यानुसार हक्क देण्याचा करार लेखी आणि सही केलेला असावा लागतो. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते आणि क्षेत्र लिहिलं नसेल तर भारतापुरतं. ‘कायमचे आणि जगभरासाठी’ असे शब्द कागदात दिसले, तर त्याची किंमत पाच हजार नसते.

तिसरा प्रश्न : पैसे कोण देतंय आणि कशासाठी?

इन्स्टाग्रामवर आपल्याकडच्या बहुतेकांची कमाई ब्रँडकडून येते. म्हणजे तुम्ही जाहिरात करता. एकदा जाहिरात केली की ग्राहक कायदा तुम्हालाही लागू होतो. जाहिरातदारांची संस्था एएससीआयचे नियम जून २०२१ पासून आहेत. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये फसव्या जाहिरातींबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या आणि जानेवारी २०२३ मध्ये ग्राहक व्यवहार विभागाने इन्फ्लुएन्सर लोकांसाठी वेगळी पुस्तिका दिली. त्यांचं सार असं : पैसे, फुकट वस्तू, सवलत, सहल, यांतलं काहीही घेतलं असेल तर ते स्पष्ट सांगायचं. नातं असेल तरी सांगायचं. मामाच्या दुकानाची तारीफ करत असाल तर ते मामाचं दुकान आहे, हे लोकांना कळलं पाहिजे. हॅशटॅगच्या गर्दीत लपवायचं नाही. व्हिडिओत असेल तर लिहायचंही आणि बोलायचंही. आणि ज्या भाषेत जाहिरात, त्याच भाषेत सांगायचं. म्हणजे मराठी रीलवर ‘जाहिरात’ हा शब्द दिसला पाहिजे. फसव्या जाहिरातीसाठी १० लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केलं तर ५० लाखांपर्यंत, आणि काही काळ जाहिरात करायला बंदीही येऊ शकते.

आता त्या बारा हजारांकडे येतो. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा संमत केला. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर त्यात बंदी आहे. अशा खेळाची जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत तुरुंगवास किंवा ५० लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. ग्राहक प्राधिकरणाने मार्च २०२४ मध्येच इन्फ्लुएन्सरना सट्ट्याच्या जाहिरातीबद्दल बजावलं होतं. २०२५ मध्ये सट्टा अ‍ॅपच्या प्रकरणांत नामवंत क्रिकेटपटू आणि चित्रपट कलाकारांना ईडीने चौकशीला बोलावलं. त्यांच्यामागे वकिलांची फौज असते. वडाळ्याच्या मुलामागे रिक्षा चालवणारे अब्बा असतात. मेसेज पाठवणारा एजंट तर दोन दिवसांत खातं बंद करून गायब होतो. स्टोरीचे स्क्रीनशॉट मात्र तुमच्या नावाने फिरत राहतात.

जुगाराची कमाई हराम आहे हे आपल्याला लहानपणापासून माहीत आहे, ते सांगायला माझी गरज नाही. मी त्याला एवढंच विचारलं की तुझे अडतीस हजार फॉलोअर्स कोण आहेत? तो म्हणाला, “आपलेच. भद्रकाली, वडाळा, मालेगाव, धुळे.” म्हणजे लिंकवर बोट ठेवणारा कुणी परका नाही. शेजारच्या गल्लीतला मुलगा, ज्याने आठवड्याचा पगार लावला आणि घालवला, तो तुझ्यावर विश्वास ठेवून गेला. बारा हजार त्याच्या खिशातून येणार होते.

तुम्ही न मागता यूट्यूब जी जाहिरात लावतं, तिचं काय, असंही अनेक जण विचारतात. तुमच्या अ‍ॅडसेन्स खात्यात ‘ब्लॉकिंग कंट्रोल्स’ आहेत. तिथे काही संवेदनशील प्रकारच्या जाहिराती आपल्या चॅनलवर येणार नाहीत, असं ठरवता येतं. कमाई थोडी घटेल, पण निवड आपल्या हातात राहते.

एका मोहापासून मात्र खास सावध करतो. राग लवकर व्हायरल होतो. दुसऱ्या समाजावर किंवा आपल्याच एखाद्या जमातीवर तोंडसुख घेतलं की व्ह्यूज धावतात. अशा मजकुराला यूट्यूब जाहिराती मर्यादित करतं किंवा बंद करतं, आणि दोन समाजांत वैर पसरवण्याबद्दल भारतीय न्याय संहितेच्या कलम १९६ खाली तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. आपल्या जिल्ह्याने अफवांची किंमत मोजलेली आहे. खात्री न केलेला व्हिडिओ पुढे ढकलून मिळालेले पैसे कुणाच्याच घरी बरकत आणत नाहीत.

चौथा प्रश्न : हिशोब कुठे लिहिला आहे?

“यूट्यूबचे पैसे परदेशातून येतात, त्यावर कर नसतो” ही दुसरी अफवा. हे उत्पन्न आहे आणि ते विवरणपत्रात दाखवायचं असतं. २०२५-२६ या आकारणी वर्षापासून आयकर विभागाने आयटीआर-३ आणि आयटीआर-४ मध्ये सोशल मीडिया इन्फ्लुएन्सरसाठी १६०२१ हा स्वतंत्र व्यवसाय कोड दिला आहे. सरकारच्या वहीत तुमच्या कामाला आता नाव आहे. २०२५-२६ या आर्थिक वर्षासाठी नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या नेहमीच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर भरावा लागत नाही. पण उत्पन्न ४ लाखांच्या वर गेलं की विवरणपत्र भरणं बंधनकारक आहे. त्याहून कमी असलं तरी भरा. मेहंदीवाल्या ताईला बँकेत दाखवायला जो कागद हवा होता, तो हाच.

ब्रँडने मोबाइल पाठवला आणि तो तुम्ही ठेवून घेतला, तर तोही उत्पन्नात धरला जातो. वर्षभरात एका देणाऱ्याकडून मिळालेल्या अशा वस्तूंची किंमत २०,००० रुपयांच्या वर गेली की १० टक्के टीडीएसचा नियम १ जुलै २०२२ पासून लागू झाला. वस्तू वापरून परत केली तर नाही. अ‍ॅडसेन्समध्ये अमेरिकेच्या कराची माहिती मागितली जाते, ती टाळू नका. नीट भरली तर भारतातल्या निर्मात्याच्या फक्त अमेरिकी प्रेक्षकांकडून आलेल्या कमाईवर १५ टक्के कापले जातात. भरलीच नाही तर जगभरातल्या एकूण कमाईवर २४ टक्क्यांपर्यंत कपात होऊ शकते. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी आली. तिथवर पोचलात तर सीएकडे जा आणि आम्हाला मिठाई द्या.

सुरुवातीला एक वही पुरेशी आहे. किती आले, कुणाकडून, कधी. इंटरनेट, माइक, प्रवास यांवर किती गेले. पावत्या एका पिशवीत. आपले आजोबा दुकानाची वही रोज रात्री लिहायचे, तसंच.

नियम बदलत राहतात. म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी स्टुडिओतली सूचना स्वतः वाचा. ‘मॉनेटायझेशन करून देतो’ म्हणून आगाऊ पैसे मागणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. मंजुरी कंपनी देते आणि त्यासाठी फी घेत नाही. एकट्याला इंग्रजी कलमं वाचायचा कंटाळा येतो हे मला ठाऊक आहे. मग एकत्र बसा. प्रत्येक मोहल्ल्यात बी.कॉम. झालेली एखादी मुलगी आणि वकिली शिकणारा एखादा मुलगा असतोच. महिन्यातला एक रविवार, एक खोली, दहा जण आणि एक प्रोजेक्टर. तुमच्या भागात अशी बैठक ठेवलीत तर आम्हाला कळवा. मी येईन, शिकायलाच येईन.

त्या मुलाने बारा हजार घेतले नाहीत. त्या महिन्यात त्याची ओढाताण झाली, हेही सांगायला हवं. नाही म्हणणं फुकट पडत नाही. परवा त्याचं नवं रील पाहिलं. शालिमारच्या एका चपलांच्या दुकानाचं. अम्मी दुकानदाराशी घासाघीस करते आहे आणि दुकानदार शेवटी हात जोडतो. वर कोपऱ्यात ठळक मराठीत लिहिलं होतं : जाहिरात. मी फोन करून विचारलं, दुकानदार काही म्हणाला का? “म्हणाला, हा शब्द काढ, लोक बघणार नाहीत. मी म्हटलं, काढला तर मी रील टाकत नाही.” पंधराशे रुपये मिळाले होते. ते त्याने वहीत लिहिले होते.